सामाईक कन्सोल पोर्ट: सुरू कोणी करायचा, बंद कोणी करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एआरएम बोर्डवर एकच पीएल०११ यूआर्ट (एआरएमचा सिरियल पोर्टचा हार्डवेअर ब्लॉक) बाहेर काढलेला आहे. बूटलोडर, सिक्युर फर्मवेअर, लिनक्स कर्नलचे संदेश आणि लॉगिन, सगळं त्याच दोन तारांवरून चालतं. मूळ ड्रायव्हरवर चिपवाल्यांनी हात फिरवलेला आहे आणि तो आता तुमच्याकडे आलाय. तक्रारी तीन. तुमचा प्रोग्राम पोर्ट बंद करतो आणि पुढचा कर्नल संदेश येताच बोर्ड गोठतो. रीबूटच्या आधीची शेवटची ओळ मध्येच तुटते. आणि सस्पेंडमधून उठल्यावर टर्मिनलवर कचरा अक्षरं येतात. तुम्ही विचारलंय, शटडाउन फंक्शन सरळ रिकामं ठेवलं तर चालेल का?

नाही. पहिली तक्रार दबेल, उरलेल्या दोन तशाच राहतील, आणि इंटरप्ट मोकळा न सोडल्यामुळे पोर्ट दुसऱ्यांदा उघडताना चौथी तक्रार सुरू होईल. या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे आणि ते नीट समजलं की दुरुस्ती छोटी आहे.

लिनक्सच्या सिरियल कोअरमध्ये पोर्टला दोन प्रकारची गिऱ्हाइकं असतात. एक टीटीवाय, म्हणजे पोर्ट टर्मिनल म्हणून वापरणारे: गेटी (लॉगिन मागणारा प्रोग्राम), शेल, तुमचा प्रोग्राम. हे ओपन करतात, क्लोज करतात, आणि कोअर त्यांची मोजणी ठेवतं. पहिला ओपन आला की ड्रायव्हरचं स्टार्टअप, शेवटचा क्लोज झाला की शटडाउन. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे कर्नलचा कन्सोल, ज्यातून प्रिंटकेचे, म्हणजे कर्नलच्या छपाई फंक्शनचे, संदेश जातात. हा ओपनही करत नाही आणि क्लोजही करत नाही. एकदा नोंदणी झाली की तो कधीही, कुठूनही, अगदी इंटरप्ट हँडलरच्या आतूनही ड्रायव्हरचं राइट फंक्शन बोलावतो. वाचनालयाच्या वहीत सही न करता कोपऱ्यात वाचत बसलेला माणूस असावा तसा हा कन्सोल आहे. वही पाहून दिवे मालवले की त्याच्यावर अंधार पडणारच.

म्हणून या विषयात मी एकच नियम धरून चालतो: स्टार्टअप आणि शटडाउन ही टीटीवायच्या वापराची सुरुवात आणि शेवट आहे, हार्डवेअरच्या जगण्यामरण्याची नव्हे. शटडाउनने पोर्ट शून्यावर न्यायचा नसतो, कन्सोलला पुरेल एवढ्या पातळीवर आणून सोडायचा असतो.

ती पातळी कोणती, ते पीएल०११च्या मूळ ड्रायव्हरमध्ये स्पष्ट दिसतं. त्याच्या कंट्रोल रजिस्टरमध्ये तीन बिट आपल्या कामाचे आहेत. बिट ० म्हणजे यूआर्टईएन, संपूर्ण यूआर्ट चालू. बिट ८ म्हणजे टीएक्सई, पाठवणं चालू. बिट ९ म्हणजे आरएक्सई, घेणं चालू. शटडाउन होताना हा ड्रायव्हर आरटीएस आणि डीटीआर (समोरच्याला आपली तयारी कळवणारे सिग्नल) जसे होते तसे राखतो, आरएक्सई काढतो, पण यूआर्टईएन आणि टीएक्सई मुद्दाम लावून ठेवतो. मग ब्रेक सिग्नल आणि फिफो (अक्षरांची हार्डवेअरमधली छोटी रांग) बंद करतो आणि शेवटी स्वतः घेतलेला क्लॉकचा हक्क सोडतो. इंटरप्ट, डीएमए (सीपीयूशिवाय डेटा हलवणं) आणि रिसीव्ह टीटीवायचे होते, ते गेले. पाठवण्याची वाट मात्र उघडी राहिली.

आता तुमच्या ड्रायव्हरमध्ये बघा. मला जवळपास खात्री आहे की शटडाउनमध्ये कोणीतरी कंट्रोल रजिस्टरमध्ये सरळ शून्य लिहिलेलं असेल. ते लिहिल्यावर काय होतं ते पायरीपायरीने बघू. कन्सोलचं राइट फंक्शन प्रत्येक अक्षराआधी फ्लॅग रजिस्टरचा बिट ५, म्हणजे टीएक्सएफएफ, तपासतं: पाठवायचा फिफो भरलाय का? भरला असेल तर रिकामा होईपर्यंत तिथेच फिरत राहतं. यूआर्टच बंद असल्यामुळे फिफोतून काहीच बाहेर पडत नाही. फिफो चालू असेल तर जुन्या आवृत्तीत पहिली १६ अक्षरं आणि आर१पी५ या नव्या आवृत्तीत ३२ अक्षरं बिनबोभाट आत जातात, फिफो बंद असेल तर एकच. त्यापुढे टीएक्सएफएफ कायमचा १. राइट फंक्शन हे सगळं पोर्टचं लॉक धरून, त्या सीपीयू कोअरवरचे इंटरप्ट बंद ठेवून करत असतं. म्हणजे तो कोअर गेला, आणि त्या लॉकची वाट बघणारे बाकीचे कोअरही एकेक करून गेले. बाहेरून दिसतं ते एवढंच की बोर्ड गोठला.

क्लॉक बंद असेल तर गोष्ट याहून लवकर संपते. काही चिपवर क्लॉक नसलेल्या ब्लॉकचं रजिस्टर वाचायला गेलं की बसवर उत्तरच येत नाही आणि सीपीयू त्या एका वाचनावर अडकून बसतो. काही चिपवर एक्स्टर्नल अबॉर्ट, म्हणजे बसवरची चूक कळवणारा अपवाद, येतो. अबॉर्ट आला की कर्नल त्याबद्दल संदेश छापायला त्याच कन्सोलकडे वळतो, आणि पुन्हा तेच.

मूळ ड्रायव्हर हे कसं टाळतो ते शिकण्यासारखं आहे. लिनक्सच्या क्लॉक व्यवस्थेत चालू करण्याचे दोन टप्पे आहेत, प्रिपेअर आणि एनेबल. प्रिपेअर झोपू शकतं, कारण पीएलएल (क्लॉकचा वेग तयार करणारं सर्किट) स्थिर व्हायला वेळ लागतो किंवा क्लॉक चिप आयटूसी या संथ बसच्या पलीकडे असते. एनेबल झोपत नाही, स्पिनलॉकमध्येही (जे धरून झोपता येत नाही अशा लॉकमध्येही) चालतं. कन्सोलच्या राइटमधून झोपणं शक्यच नाही. म्हणून पीएल०११ कन्सोलच्या सेटअपमध्ये, म्हणजे नोंदणीच्या वेळी, झोपायची मुभा असताना प्रिपेअर करून ठेवतो आणि तो हक्क पुढे धरूनच ठेवतो. मग प्रत्येक राइटमध्ये आधी एनेबल, मग लॉक, मग कंट्रोल रजिस्टरची जुनी किंमत जपून ठेवायची, सीटीएसची अट (समोरच्याने ‘पाठव’ म्हटलं तरच पाठवायचं) काढून यूआर्टईएन आणि टीएक्सई लावायचे, अक्षरं पाठवायची, फ्लॅग रजिस्टरचा बिझी बिट खाली येईपर्यंत थांबायचं, जुनी किंमत परत ठेवायची, लॉक सोडायचं, डिसेबल. टीटीवाय उघडा आहे की नाही याची कन्सोलला पर्वाच करावी लागत नाही. जे लागतं ते तो स्वतः आणतो आणि काम झालं की होतं तसं ठेवून जातो.

सीटीएसची अट काढणं लहान वाटतं, पण ते विसरू नका. टीटीवायने हार्डवेअर फ्लो कंट्रोल लावला असेल आणि समोरची केबल काढलेली असेल, तर सीटीएस कधीच येणार नाही आणि कर्नलचा संदेश त्या केबलची वाट बघत राहील.

ही चूक चाचणीत का सापडत नाही, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. विकासाच्या इमेजमध्ये त्या पोर्टवर गेटी बसलेली असते. ती पोर्ट उघडून धरते, त्यामुळे तुमच्या प्रोग्रामचा क्लोज हा शेवटचा क्लोज कधी होतच नाही आणि शटडाउन चालतच नाही. उत्पादनाच्या इमेजमध्ये सुरक्षेसाठी लॉगिन काढलं जातं आणि तिथे पहिल्यांदा शटडाउन धावतं. गेटी असतानाही लॉगआउट आणि नव्या गेटीच्या मधल्या क्षणात पोर्ट बंद असतो, पण तेवढ्यात कर्नल संदेश येणं हा योगायोगच. मी पाहिलेल्या ‘फक्त ग्राहकाकडेच गोठतो’ छापाच्या तक्रारींमध्ये हे कारण वारंवार निघालेलं आहे.

शटडाउनमधला क्रमही महत्त्वाचा. आधी पोर्टचं लॉक घेऊन इंटरप्ट मास्क शून्य करा, लॉक सोडा, मग इंटरप्ट मोकळा करा. इंटरप्ट मोकळा करणारं फंक्शन चालू असलेला हँडलर संपण्याची वाट बघतं, आणि हँडलरला तेच लॉक हवं असतं. लॉक धरून ते बोलावलं तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. उलट, मास्क लॉकशिवाय शून्य केला तर आणखी बारीक खोड निघते. जुन्या ८२५० घराण्याच्या (पीसीमधल्या यूआर्टच्या) ड्रायव्हरमध्ये कन्सोलचं राइट आधी इंटरप्ट एनेबल रजिस्टर वाचून ठेवतं, ते शून्य करतं, अक्षरं पाठवतं आणि जुनी किंमत परत लिहितं. दुसऱ्या कोअरवर तुमचं शटडाउन याच दरम्यान लॉक न घेता शून्य लिहून गेलं, तर राइट संपताना जुनी किंमत परत येते. इंटरप्ट चालू, हँडलर गेलेला. ती लाइन दुसऱ्या डिव्हाइसबरोबर वाटून घेतलेली असेल तर कर्नल ‘नोबडी केअर्ड’ म्हणत, १,००,००० पैकी ९९,९०० पेक्षा जास्त इंटरप्ट अनाथ गेले की ती लाइनच बंद करतो. मग मरतं ते शेजारचं डिव्हाइस, आणि तुम्ही आठवडाभर त्याच्या ड्रायव्हरमध्ये शोधत बसता.

दुसऱ्या तक्रारीकडे येतो, तुटलेली शेवटची ओळ. इथे आधी गायब अक्षरं मोजा. संख्या फिफोच्या खोलीएवढी किंवा त्याहून कमी निघाली, तर निदान झालंच: फिफोत अक्षरं असताना कोणीतरी फिफो पुसला किंवा चिप रीसेट केली. पीएल०११मध्ये फिफो बंद करणं हीच पाठवायचा फिफो रिकामा करण्याची अधिकृत रीत आहे, त्यामुळे शटडाउन घाईने झालं तरी अक्षरं हरवतात.

‘रिकामा’ कशाला म्हणायचं, इथे पुष्कळ ड्रायव्हर फसतात. १६५५० घराण्यात (हे ८२५०चंच पुढचं रूप) लाइन स्टेटस रजिस्टरचा बिट ५, टीएचआरई, सांगतो की फिफो रिकामा झाला. पण शेवटचं अक्षर अजून शिफ्ट रजिस्टरमधून बिट-बिट करून बाहेर पडत असतं. ते संपल्याचं बिट ६, टीईएमटी, सांगतो. टीएचआरई बघून क्लॉक काढला तर शेवटचं अक्षर अर्धं जातं आणि पलीकडे फ्रेमिंग एरर दिसतो. बंद करण्यापूर्वी दोन्ही बिट हवेत. पीएल०११वर हेच काम बिझी बिट करतो: शेवटचा स्टॉप बिट गेल्याशिवाय तो खाली येत नाही. तिथे फिफो रिकामा असल्याचा वेगळा बिट आहे, टीएक्सएफई, आणि चिपवाल्यांच्या ड्रायव्हरमध्ये तो वापरलेला दिसला तर बदला.

वेळेचा हिशोबही मांडून ठेवा. ११५२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) स्टार्ट आणि स्टॉप धरून एका अक्षराचे १० बिट, म्हणजे सुमारे ८७ मायक्रोसेकंद, आणि १६ अक्षरांना १.४ मिलिसेकंद. ९६०० बॉडला एका अक्षराला १.०४ मिलिसेकंद, आणि ६४ खोलीचा फिफो असेल तर तो रिकामा व्हायला जवळजवळ ६७ मिलिसेकंद. सिरियल कोअर सस्पेंडच्या वेळी टीएक्स-एम्प्टी तीनदा विचारतं, मध्ये दर वेळी १० मिलिसेकंद झोपून. म्हणजे साधारण ३० मिलिसेकंद. मोठा फिफो आणि कमी बॉड या जोडीला ते पुरत नाहीत आणि ट्रान्समिटर रिकामा झाला नाही अशी ओळ लॉगमध्ये येते. तशी ओळ दिसली तर ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही, कोअर तुम्हाला खरं सांगत असतं.

रीबूटच्या बाबतीत टीटीवायचा क्लोज सहसा दोषी नसतो. तिथे सिरियल कोअर डेटा निघून जाण्याची वाट बघतंच, मूळ मर्यादा ३० सेकंदांची आहे. दोषी असतं कन्सोलचं राइट, जे अक्षरं फिफोत टाकून लगेच परततं. इतर वेळी हे खपतं, कारण फिफो आपोआप वाहत राहतो. पण ‘रीस्टार्टिंग सिस्टिम’ छापल्यावर कर्नल पीएससीआयमार्फत (फर्मवेअरकडून वीज आणि रीसेटची कामं करून घ्यायची ठरलेली पद्धत) फर्मवेअरला रीसेट मागतो आणि फिफोतली अक्षरं तिथेच संपतात. राइटच्या शेवटी बिझी बिटाची वाट बघायला लावा, तक्रार जाईल. ही वाट मर्यादित ठेवा. अक्षरामागे काही मिलिसेकंद देऊन पुढे जाणारा ड्रायव्हर एखादं अक्षर हरवेल, पण यूआर्ट बिघडला म्हणून अख्खा बोर्ड थांबवणार नाही.

स्टार्टअपबद्दल थोडं सांगतो, कारण तिथे एक सुंदर अडचण आहे जी फक्त सामाईक पोर्टवरच येते. तुमच्याआधी हा पोर्ट बूटलोडरने वापरलाय. बोर्ड सुरू होताना कोणी अधीर होऊन एंटर दाबत राहिलं, किंवा पलीकडचं यंत्र काही पाठवत राहिलं, तर रिसीव्ह फिफो आधीच भरलेला असतो. पीएल०११चा रिसीव्ह इंटरप्ट फिफो ठरावीक पातळी खालून वर ओलांडतो तेव्हाच उठतो. फिफो आधीच त्या पातळीच्या वर असेल तर ओलांडणं घडतच नाही, आणि इंटरप्ट कायमचा गप्प. लॉगिनची ओळ दिसते, पण कितीही टाइप केलं तरी प्रतिसाद शून्य. मूळ ड्रायव्हर म्हणून इंटरप्ट चालू करण्याच्या टप्प्यावर, लॉक धरून, आधी शिळे रिसीव्ह इंटरप्ट पुसतो आणि मग फिफो रिकामा होईपर्यंत, पण जास्तीत जास्त फिफोच्या दुप्पट खोलीएवढी, अक्षरं वाचून फेकतो. दुप्पटीची मर्यादा का? पलीकडून सतत डेटा येत असेल तर लॉक धरून अनंतकाळ वाचत बसायचं नाही म्हणून.

बाकी स्टार्टअपचा क्रम सरळ आहे: क्लॉक, जुने अडकलेले इंटरप्ट पुसणं, हँडलर जोडणं, मग रिसीव्ह, आणि सगळ्यात शेवटी मास्क उघडणं. यूआर्टला रीसेट मात्र देऊ नका. कन्सोल त्या क्षणी बोलत असू शकतो. रीसेट हवाच असेल तर तो प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसला पहिल्यांदा जोडला जातो त्या टप्प्यात, कन्सोलची नोंदणी होण्यापूर्वी.

आणि तिथेही अर्लीकॉन वाट अडवून बसलेला असतो. अर्लीकॉन म्हणजे खरा ड्रायव्हर येण्याआधीचा कन्सोल. त्याला स्वतःचं स्टार्टअपच नाही. बूटलोडरने बॉड, क्लॉक, पिना जशा ठेवल्या तशा वापरून तो अक्षरं ढकलतो. खऱ्या कन्सोलची नोंदणी झाली की कर्नल त्याला काढून टाकतो, कमांड लाइनवर कीप_बूटकॉन दिलं नसेल तर. अडचण मधल्या काळात आहे. तुमच्या प्रोबने रीसेट दिला, यूआर्टईएन शून्य झाला, आणि नोंदणीपूर्वी एखादी ओळ छापली गेली, की वर सांगितलेला टीएक्सएफएफचा फेरा पुन्हा सुरू. दुसरा सापळा क्लॉकचा. बूटच्या शेवटी कर्नल कोणीही न मागितलेले क्लॉक बंद करतो. अर्लीकॉनने क्लॉक मागितलेलाच नसतो. खऱ्या ड्रायव्हरचा प्रोब काही कारणाने पुढे ढकलला गेला असेल, तर बोर्ड बरोबर त्या ठिकाणी गप्प होतो. सीएलके_इग्नोअर_अनयूझ्ड देऊन बोर्ड चालला तर निदान पक्कं, पण तो उपाय म्हणून ठेवू नका. आय.एमएक्स चिपच्या क्लॉक ड्रायव्हरने चांगला मार्ग काढलाय: कमांड लाइनवर अर्लीकॉन दिसला तर यूआर्टचे क्लॉक तो स्वतः धरून ठेवतो आणि बूट संपत आल्यावर सोडतो. न मोजल्या जाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या वतीने कोणीतरी हक्क धरायचा, हाच तो नियम.

फर्मवेअरच्या बाजूला ट्रस्टेड फर्मवेअर-ए (एआरएमसाठीचं सिक्युर फर्मवेअर) हे जास्त स्पष्टपणे करतं. तिथे प्रत्येक कन्सोलला तीन स्थितींचे झेंडे असतात: बूट, रनटाइम आणि क्रॅश. बूट संपताना फर्मवेअर कन्सोलचा बफर पूर्ण बाहेर काढतं आणि रनटाइम स्थितीत जातं. ज्या कन्सोलवर रनटाइमचा झेंडा नाही तो तेव्हापासून गप्प राहतो, कारण आता यूआर्ट कर्नलचा आहे. सिक्युर आणि नॉन-सिक्युर जगात सामाईक लॉक नसतं. एकाच वेळी दोघं बोलले तर अक्षरं एकमेकांत मिसळतील, आणि कर्नलने क्लॉक काढलेला असताना फर्मवेअर बोललं तर ते ईएल३मध्येच, म्हणजे सीपीयूच्या सर्वोच्च अधिकाराच्या पातळीवरच, अडकेल. तिथून सोडवणारं कोणी नाही. एकच यूआर्ट असेल तर रनटाइमचा झेंडा काढा, क्रॅशचा ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी तक्रार, कचरा अक्षरं, यालाच लागून आहे. इथे लक्षणच पुष्कळ सांगतं. सस्पेंडमध्ये पॉवर डोमेन गेलं आणि रजिस्टरं रीसेटच्या किमतीवर आली, तर बॉडचा पूर्णांक डिव्हायझर (क्लॉकला भागून बॉड देणारी संख्या) ० असतो आणि यूआर्टही बंद असतो. तेव्हा शांतता असेल, कचरा नाही. कचरा येतोय म्हणजे डिव्हायझर आहे, पण तो ज्या क्लॉकसाठी लिहिला तो क्लॉक आता नाही. कारणं सहसा दोनच. एक, उठताना फर्मवेअर स्वतःचा कन्सोल पुन्हा सुरू करतं (अनेक प्लॅटफॉर्मवर करतं) आणि कंपाइलच्या वेळी ठरवलेली क्लॉकची किंमत धरून डिव्हायझर लिहितं. दोन, सामाईक वरचा क्लॉक सस्पेंडनंतर वेगळ्या वेगावर आलाय. रास्पबेरी पाय ३वरचा मिनी यूआर्ट याचं ठळक उदाहरण. त्याचा बॉड कोअर क्लॉकवरून निघतो. कोअरचा वेग बदलला की कन्सोल बिघडतो, म्हणून तिथे एनेबल_यूआर्ट=१ दिल्यावर कोअरचा वेग २५० मेगाहर्ट्झला बांधला जातो.

कर्नल उठताना कन्सोलसाठी सेट-टर्मिऑस (बॉड आणि लाइनची सेटिंग लावणारं ड्रायव्हरचं फंक्शन) बोलावतोच, टीटीवाय उघडा असो वा नसो. त्यासाठी शेवटच्या क्लोजच्या वेळी टीटीवायची सेटिंग कन्सोलच्या खात्यात जपून ठेवलेली असतात. म्हणजे दुरुस्तीची संधी तुमच्या ड्रायव्हरला मिळते. ती वाया कधी जाते? ‘बॉड बदलला नाही, मग लिहायचं कशाला’ असा शॉर्टकट चिपवाल्यांनी सेट-टर्मिऑसमध्ये घातला असेल तेव्हा. तो काढा आणि क्लॉकचा वेग त्या वेळी पुन्हा विचारा. पीएल०११मध्ये लाइन कंट्रोल रजिस्टर नेहमी दोन्ही डिव्हायझर रजिस्टरांच्या नंतर लिहायचं हेही तपासा. ते लिहिल्याशिवाय नवा डिव्हायझर लागूच होत नाही.

हिशोब पडताळायला आकडा हवा असेल तर ४८ मेगाहर्ट्झचा क्लॉक आणि ११५२०० बॉड घ्या. क्लॉकला बॉडच्या १६ पटीने भागा: भागाकार २६.०४, म्हणून पूर्णांक २६, आणि अपूर्णांक ६४ने गुणून ३. उलट मोजलं तर ११५१७७ येतात, फरक नगण्य. कमांड लाइनवर बॉड दिला नाही आणि यूआर्ट आधीच चालू असेल, तर मूळ ड्रायव्हर बूटलोडरने लिहिलेली रजिस्टरं वाचून याच उलट्या हिशोबाने बॉड ठरवतो. यूआर्ट बंद आढळला तर ३८४०० धरतो. म्हणून मी कमांड लाइनवर बॉड नेहमी स्पष्ट लिहायला सांगतो.

लॉकबद्दल एक सक्त सूचना. पोर्टचं लॉक धरलेल्या भागात कोणतीही छपाई करू नका, स्टार्टअपमध्ये नको, शटडाउनमध्ये नको, इंटरप्ट हँडलरमध्ये नको. तो संदेश तुमच्याच राइटकडे येईल आणि तुम्हीच धरलेल्या लॉकवर थांबेल. जुन्या पद्धतीत पॅनिकच्या वेळी राइट फक्त प्रयत्न करून बघतं, लॉक नाही मिळालं तरी लिहितं. म्हणजे स्टार्टअप अर्धं झालेलं असतानाही राइट चाललं पाहिजे, हे गृहीत धरून दोन्ही लिहा. नव्या एनबीकॉन (न अडवणारा कन्सोल) पद्धतीत कन्सोलला मालकी असते, तिच्या नॉर्मल, इमर्जन्सी आणि पॅनिक अशा पायऱ्या असतात, आणि रजिस्टरं अर्धवट अवस्थेत असताना ड्रायव्हर तसं जाहीर करतो, म्हणजे दुसरा मालक शक्यतो सुरक्षित जागीच ताबा घेतो. २०२४मध्ये ६.१२ कर्नलमध्ये पूर्ण रिअल-टाइम आधार मुख्य शाखेत आला, त्यामागे हे काम होतं. तुमचा कर्नल त्यापुढचा असेल तर ड्रायव्हर त्या पद्धतीवर न्यायचा विचार जरूर करा.

सस्पेंडचं डीबगिंग करताना नो_कन्सोल_सस्पेंड द्याल तेव्हा एक ध्यानात ठेवा: सिरियल कोअर मग कन्सोल पोर्टचं शटडाउन टाळतं, पण पॉवर डोमेन बंद करणारं प्लॅटफॉर्मचं कोड ते ऐकेलच असं नाही. त्याने पोर्टखालून वीज काढली तर बोर्ड नव्याच कारणाने गोठतो, आणि ते तुमच्या मूळ तक्रारीशी संबंधित नसतं.

कर्नल नसेल, स्वतःचं बेअर-मेटल किंवा छोट्या आरटीओएसवरचं कोड असेल, तर हेच सगळं छोट्या आकारात करा. एकच मोजणी ठेवू नका. क्लॉक आणि पाठवणं यांची एक, इंटरप्ट आणि रिसीव्ह यांची दुसरी. लॉग छापणारा भाग सुरू होताना पहिलीत एक नोंद करतो आणि ती कधीच सोडत नाही. शेल दोन्हीत नोंद करतो आणि जाताना दोन्ही सोडतो. बॉडचा मालक एकच ठरवा, कारण डिव्हायझर एकच आहे. शेलने ९६०० केलं तर लॉगही ९६००लाच जाणार.

दुरुस्ती झाल्यावर चाचणी अशी करा. गेटी बंद ठेवा, बोर्डवर नेटवर्कवरून जा. एका खिडकीत डेव्हखालच्या केएमएसजी फाइलमध्ये सतत ओळी लिहा, दुसऱ्या खिडकीत पोर्ट उघडबंद करणारा छोटा फेरा चालवा, लॉक तपासणी चालू असलेल्या कर्नलवर, रात्रभर. ओळींना क्रमांक द्या म्हणजे गळलेली अक्षरं सकाळी लगेच दिसतील. कर्नलच्या संदेशांची पातळी वाढवून ठेवा, नाहीतर ओळी कन्सोलवर येणारच नाहीत. मग बूट होताना टर्मिनलमध्ये एक कळ दाबून धरा आणि गेटी चालू असलेल्या इमेजवर लॉगिन टाइपिंग घेतंय का बघा. शेवटी पोर्ट पूर्ण बंद असताना, म्हणजे तो कोणीही उघडलेला नसताना, सिसरिक्यूमधून (कर्नलला थेट आज्ञा देण्याची सोय) मुद्दाम क्रॅश घडवा. पॅनिकचा संपूर्ण ट्रेस शेवटच्या ओळीपर्यंत यायला हवा. तो मध्येच तुटला तर तुटलेल्या जागेआधी नेमकी किती अक्षरं आली आणि त्या क्षणी कंट्रोल रजिस्टरमध्ये काय होतं, एवढं कळवा. जेटॅगने (चिप बाहेरून तपासायचं डीबग साधन) वाचता आलं तर फ्लॅग रजिस्टरही पाठवा.